पोटाच्या जागी पिशवी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, की ऑफिसच्या ट्रेनिंगला चाललोय, थोडे दिवस फोन लागणार नाही. एवढंच. एका वाक्याची थाप. लोक याहून मोठमोठ्या थापा मारतात आणि रात्री घोरत झोपतात. मी आयुष्यात पहिल्यांदा जरा मन लावून एक थाप मारली, आणि ती मला चांगलीच भोवली.

"कसलं रे ट्रेनिंग?" आईने विचारलं.

"खुर्चीत योग्य पद्धतीने कसं बसावं, त्याचं." (हे आयत्या वेळी सुचलं. मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात कारकून आहे. बसण्यापलीकडे आमच्याकडे शिकवण्यासारखं काही नाही.)

"ते तर तुला येतं की," असं म्हणून आईने फोन ठेवला.

खरं सांगून टाका, असं बायको पहिल्यापासून म्हणत होती. पण आईला सांगायचं कसं? माझे बाबा पोटाच्या ऑपरेशनसाठी म्हणून चालत आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो. त्यानंतर आईने लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं, आणि घरात एकच नियम केला: काहीही होवो, पोटाला सुरी लावायची नाही. माझं पोट दुखलं की ती हिंग लावायची, शेक द्यायची, रात्रभर उशाशी बसायची, पण डॉक्टरचं नाव काढायची नाही. आणि पोट न दुखू देण्याचा तिला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ते भरलेलं ठेवणं. ते तिने इतकं मनापासून केलं, की चाळिशीत मला बुटाची नाडी बांधायला बायको लागायला लागली.

तरीही मी ऑपरेशनच्या वाटेला गेलो नसतो. पण एक दिवस मोठे साहेब आमच्या विभागात आले आणि सगळे उठून उभे राहिले. मीही उभा राहिलो. माझ्याबरोबर खुर्चीही उभी राहिली. तिचे दोन्ही हात माझ्या कमरेत रुतले होते आणि ती काही केल्या सुटेना. साहेब म्हणाले, "बसा, बसा." मी खुर्चीसकट वळलो, तर मागच्या टेबलावरचा पाण्याचा जग आडवा झाला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर बघून चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्हाला मुलं आहेत का?" मी नाही म्हटलं. "बरं आहे," डॉक्टर म्हणाले. मी तिथेच वजन उतरवायच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करून टाकली.

ऑपरेशन झालं. पोटाचा बहुतेक भाग त्यांनी काढून टाकला. उरलं ते केळ्याएवढं, तेही लहान केळ्याएवढं. मला वाटलं होतं, संपलं. पण खरे भोग इथूनच सुरू झाले.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला समोर बसवून विचारलं, "भूक लागली की काय कराल?"

"जेवेन," मी म्हणालो.

"चूक. घोटभर पाणी प्याल. जेवताना तहान लागली तर?"

"घोटभर पाणी पिईन." (मी धडा शिकलो होतो.)

"चूक. जेवताना पाणी बंद."

घरी बायको होती. ती पहिलीच्या वर्गाला शिकवते, आणि तिला आता शाळा सुटल्यावरही एक विद्यार्थी मिळाला. तिने माझ्यासाठी लहान मुलांची वाटी आणली. तळाशी पिवळं बदक. दोन चमचे सूप संपलं की बदक दिसायचं, आणि बदक दिसलं की जेवण संपलं. "घाई नाही करायची. चावा. अजून चावा. तोंड उघडा बघू. गिळलं? शाब्बास!" असं ती म्हणायची, आणि मी बेचाळीस वर्षांचा माणूस त्या शाब्बासकीवर जगायचो.

आता हसू येतं, पण तेव्हा मला खरंच रडू यायचं. संध्याकाळी ऑफिसातून यायचं, स्वयंपाकघरात कांदा परतल्याचा वास यायचा, आणि मी टेबलापाशी हात टेकून नुसता बसायचो. पूर्वी मला वाईट वाटलं की मी खायचो. साहेब ओरडले, खाल्लं. पाऊस आला, छत्री विसरलो, खाल्लं. आता वाईट वाटणं पूर्वीएवढंच होतं, आणि ठेवायला जागा केळ्याएवढी. केस गळत होते. अंगावरची कातडी दुसऱ्या कोणाची तरी उसनी आणल्यासारखी लोंबत होती. सगळे म्हणत, "वा, काय बारीक झालात!" आणि मला वाटे, माझ्यातला जो माणूस हसायचा, गप्पा मारायचा, त्याला डॉक्टरांनी त्या पोटाबरोबरच ट्रेमध्ये काढून ठेवलंय.

अशा परिस्थितीत आईचा फोन आला. "रविवारी येतेय. चांगली महिनाभर राहणार. किती दिवसांत पोटभर जेवला नसशील माझ्या हातचं!"

माझं धाबं दणाणलं.

"आता तरी सांगा," बायको म्हणाली.

"सांगतो. आधी येऊ दे, बसू दे, पाणी पिऊ दे."

"म्हणजे तुम्ही सांगणार नाही."

नाहीच सांगणार होतो. आई हार्टची पेशंट नाही, पण मला बघून ती होईल अशी भीती होती. आणि तिला फसवणं सोपं नव्हतं. तीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेली बाई. रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे बघून त्याच्या कमरेचं माप सांगते. पॅन्ट तीच, पण आतला माणूस निम्मा, हे तिला दारातच कळलं असतं.

शेवटी युक्ती सापडली. (युक्त्या मलाच सापडतात. आजवर एकही कामाला आलेली नाही.) जुन्या रेनकोटच्या कापडाची एक मोठी पिशवी, पट्ट्यांनी खांद्याला अडकवायची, शर्टाच्या आत, बरोबर पोट असायचं तिथे. एरवी तिच्यात टॉवेल कोंबायचा, म्हणजे पोट दिसेल. जेवायच्या आधी टॉवेल काढायचा, म्हणजे जागा होईल. आणि आईने वाढलेलं, शर्टाच्या दोन बटणांमधून, हळूच त्या पिशवीत. थोडक्यात, अन्न पूर्वीच्याच ठिकाणी जाणार होतं, फक्त कातडीच्या बाहेरून. बायकोने शाळेतल्या हस्तकलेच्या तासाचा अनुभव पणाला लावून ती शिवली आणि म्हणाली, "माझा ह्यात काही हात नाही, हे लक्षात ठेवा."

आई आली. दारातच तिने मला खालून वर पाहिलं. मी श्वास रोखला. टॉवेलने आपलं काम चोख केलं.

"पोट ठीक आहे," आई म्हणाली. "पण गाल कुठे गेले?"

"दाढ काढली, आई."

"दोन्ही गाल गेलेत."

"दोन्हीकडच्या काढल्या. समोरासमोर होत्या."

आईने पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. दाढा नसलेल्या मुलाला मऊ मऊ काय देता येईल, ह्याचा तिने जो विचार केला त्याचं फळ म्हणजे त्या रात्रीचं जेवण: लोणी घालून घोटलेला बटाटा, अंड्याची भाजी, भात आणि ऊन ऊन सूप. मी एक चमचा तोंडात घ्यायचो. आई गॅसकडे वळली की तीन चमचे पिशवीत. बटाटा सहज गेला. भात गेला. सूपही ओतलं, आणि मग लक्षात आलं की रेनकोटचं कापड पाणी अडवतं, उष्णता अडवत नाही. आयुष्यभर मला पोटात जळजळ होत आली. पोटावर ती पहिल्यांदाच झाली. मी खुर्चीतून असा उसळलो, की आई म्हणाली, "काय झालं रे?"

"चव!" मी ओरडलो. "काय चव आहे, आई!"

आईच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आणखी दोन डाव वाढले.

जेवणानंतर बाथरूममध्ये जायचं, पिशवी रिकामी करून पाणी सोडायचं, टॉवेल भरायचा, बाहेर यायचं. कचऱ्याच्या डब्यात टाकणं शक्य नव्हतं, कारण कचऱ्याचा डबा आई तपासते. (भाजीची सालं कोण जाड काढतं, ह्यावर तिचं लक्ष असतं.) "संडासात एवढे घन पदार्थ टाकू नका," असं बायको वर्गात सांगावं तसं रोज सांगायची, आणि मी मागच्या बाकावरच्या मुलासारखं ऐकायचो.

एकदा टॉवेल बाहेर दोरीवरच राहिला. मी गरोदर बाईसारखा आत गेलो आणि झाडूच्या काठीसारखा बाहेर आलो. आई सोफ्यावर बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने बायकोला बाजूला घेतलं.

"अगं, ह्याला जुलाब होतायत का? बाथरूममध्ये गेला की अर्धा होऊन बाहेर येतो."

"त्यांचं पचन जरा जोरात आहे, आई," बायको म्हणाली. (खोटं बोलताना तिचे कान लाल होतात. त्या महिन्यात ते कधी पांढरे झालेच नाहीत.)

झालं, आई आणखी पौष्टिक करायला लागली. मला वाटलं होतं, ती खूश होईल, महिना संपेल, ती जाईल. तसं होईना. ती रोज जास्त रांधत होती आणि रोज जास्त काळजीत होती. मी जेवत असताना ती स्वतः जेवायचीच नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. तिला काहीतरी दिसत होतं, पण कळत नव्हतं. एका संध्याकाळी तिने केक केला आणि चमचा-बिमचा काही नाही, सरळ हाताने एक मोठा तुकडा माझ्या तोंडात भरवला. लहानपणी भरवायची तसा. आईच्या हातून पिशवीत कसं टाकणार? मी गिळला.

गोडाची मला सक्त मनाई होती, आणि का होती ते लगेच कळलं. छाती धडधडायला लागली, अंगाला दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी फरशीवर आडवा झालो. आई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. "ह्याच्या बाबांचं पण असंच झालं होतं," ती पुटपुटली, "असंच घामाने भिजले होते."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण तोंडातून "पित्त आहे, आई" एवढंच बाहेर आलं.

त्यानंतरच्या रविवारी बाथरूममधलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं.

प्लंबरला बोलावलं. तो लांबलचक स्प्रिंगची तार घेऊन आला, ती पाइपात घातली, गोल गोल फिरवली, कान देऊन ऐकलं आणि ओढली. आई, बायको आणि मी दाराशी उभे. तारेला आधी भात आला. मग बटाट्याचे तुकडे. मग अंडं, अर्धं नाही, पूर्ण.

"साहेब," प्लंबर म्हणाला, "मी वीस वर्षं हे काम करतोय. लोकांचं पचलेलं बघितलंय, न पचलेलं बघितलंय. पण हे चावलेलंच नाही."

त्याने पुन्हा तार फिरवली आणि एक कटलेट बाहेर काढलं. अख्खं. कडासुद्धा शाबूत.

"हे मी बुधवारी केलेलं," आई म्हणाली.

प्लंबर त्याची तार गुंडाळून गेला. मी बाहेरच्या खोलीत आलो तर आईची बॅग पलंगावर उघडी होती आणि ती साड्यांच्या घड्या घालत होती. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आई, काय करतेस?"

"एवढंच सांगायचं होतंस ना रे," ती म्हणाली. "आई, आता तुझ्या हाताला चव राहिली नाही, नको करूस. मी काय मारलं असतं तुला? वय झालं, मीठ कमीजास्त पडतं, मला कळतं. पण समोर 'वा वा' म्हणायचं आणि आत जाऊन संडासात ओतायचं... इतकं वाईट झालं होतं?"

मी लग्नात रडलो नव्हतो, ऑपरेशनच्या टेबलावर रडलो नव्हतो. तिथे पलंगाच्या कडेला बसून हमसाहमशी रडलो. शर्टाची बटणं काढली. आधी पिशवी दिसली, मग टॉवेल, आणि मग त्याच्याखाली लोंबणारा रिकामा मी आणि त्यावरचे ते छोटे छोटे व्रण.

"चव तशीच आहे, आई," मी म्हणालो. "ठेवायला जागा नाही. पोट काढून टाकलंय."

आई व्रणांकडे बघत राहिली. मग वाकली, बोटाने एकेक व्रण चाचपला. मला वाटलं, आता कोसळणार. बायको पाण्याचा पेला घेऊन धावत आली.

"टाके बरे घातलेत," आई म्हणाली. आणि मग विचारलं, "कधी?"

"ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा."

मग मात्र तिचा बांध फुटला. "ट्रेनिंग! आणि काही झालं असतं म्हणजे? मला काय कळवलं असतं, खुर्चीत बसायला शिकता शिकता गेला म्हणून? तुझ्या बाबांच्या वेळी मी निदान दाराबाहेर बसले होते. आत काय चाललंय ते माहीत नव्हतं, पण बसले तरी होते. तुझ्या वेळी मी काय करत होते ठाऊक आहे? टीव्हीवर विनोदी कार्यक्रम बघत होते. माझा मुलगा तिकडे कापला जातोय आणि मी इकडे पाय पसरून हसतेय! असं करतात का रे आईला?"

मी मान खाली घातली. बायकोनेही घातली. तिच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं. आईने तिच्या हातातला पेला घेतला, स्वतः एक घोट प्यायली, उरलेला मला द्यायला गेली आणि थबकली.

"चालतं का हे तुला?"

"घोट घोट," मी म्हणालो.

बॅग पुन्हा कपाटावर गेली, पण आई माझ्याशी बोलेना. निरोप बायकोमार्फत यायचे. "त्याला म्हणावं, सूप गाळलंय." "त्याला म्हणावं, हळू चाव." माझं जेवण मात्र तिने आपल्या हातात घेतलं. आहारतज्ज्ञ बाईंना स्वतः फोन केला, खडसावून प्रश्न विचारले, आणि बाई म्हणे दोनदा "सॉरी" म्हणाल्या. माझे दोन चमचे ती इतक्या निगुतीने करायची, की मला बदक दिसूच नये असं वाटायचं. आणि कितीतरी दिवसांनी, ते दोन चमचे खाल्ल्यावर मला जेवल्यासारखं वाटलं. समोर आई आणि बायको मन लावून कटलेटवर ताव मारत असायच्या. माझ्यावर रागावण्याच्या नादात दोघींची अशी काही गट्टी जमली होती, की मी टेबलावर आहे हे त्यांच्या लक्षातच राहायचं नाही.

मग एक दिवस आईने न बोलता टेप काढली आणि माझी मापं घेतली. कंबर मोजताना तिचा हात जरा थांबला. जुन्या पॅन्टी बोहारणीला द्यायला काढल्या, आणि दुपारभर शिवणयंत्र चाललं. संध्याकाळी नवी पॅन्ट पलंगावर होती.

मी ती घातली आणि आरशासमोर उभा राहिलो. काय बसली होती! कुठे चुणी नाही, कुठे ढिली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आरशातला माणूस मला कुणाचा तरी कोणीतरी वाटला. ठरवलं, आता रडायचं नाही. आता सकाळी फिरायला जायचं, नियमाने राहायचं, आईला पुन्हा कधी घाबरवायचं नाही. हे सगळं तिला सांगायला वळलो आणि सहज कमरेच्या आतून हात फिरवला. तर आत, दोन्ही बाजूंना, मागे, सगळीकडे कापड घडीवर घडी दुमडून टाचलेलं. उसवलं असतं तर माझ्यासारखा आणखी एक सहज आत उभा राहिला असता.

"आई," मी म्हणालो, "हे एवढं कापड आत कशाला ठेवलंस?"

इतक्या दिवसांनी ती माझ्याशी पहिल्यांदाच सरळ बोलली. यंत्रावर झाकण ठेवता ठेवता, वर न बघता.

"डॉक्टरवर माझा विश्वास बसलाय आता," ती म्हणाली. "तुझ्यावर बसला, की कापून टाकीन."